तीन वर्षं आम्हाला नगरसेवकच नव्हता

महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या, असं आज, ६ मे २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. दुपारपासून माझा फोन ‘ऐतिहासिक निकाल’, ‘लोकशाहीचा विजय’ अशा मेसेजेसनी भरलाय. मला मात्र आनंद होत नाहीये. संताप होतोय.

आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक, म्हणजे सरकारनं नेमलेला अधिकारी. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं आणि मैलापाणी तळमजल्यावर सासूबाईंच्या खोलीत शिरलं. ऐंशीच्या घरातली बाई, पलंगावर पाय वर घेऊन बसून राहिली. मी क्षेत्रीय कार्यालयात फोन केले, ॲपवर तक्रार टाकली, फोटो पाठवले. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज आला, तेव्हा पाणी खोलीतच होतं. हेच चेंबर आधीही तुंबलं होतं. तेव्हा आमच्या नगरसेविका ताई रात्री स्वतः गल्लीत येऊन उभ्या राहिल्या होत्या, ज्युनियर इंजिनियरला झोपेतून उठवून जेटिंगची गाडी मागवली होती. मी त्यांना मत दिलं नव्हतं आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. तरी आल्या, कारण पुढच्या वेळी मत मागायला त्याच गल्लीत यायचं होतं. प्रशासकाला कुणाच्या दारात यावं लागतं?

घटनेत स्पष्ट लिहिलंय, महापालिकेची पाच वर्षं संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ७४वी घटनादुरुस्ती त्यासाठीच तर केली. आणि आपल्याकडे काय झालं? ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात गेला. जुलै २०२२ मध्ये कोर्टानं ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल मान्य केला, निवडणुका घ्या म्हणाले. ऑगस्टमध्ये कोर्टाचाच ‘जैसे थे’ आदेश. मग नुसत्या तारखा. दरम्यान लोकसभा झाली, विधानसभा झाली, दोन्ही वेळेवर. आम्हीच रांगेत उभे राहून बोटाला शाई लावून आलो. फक्त महापालिकेची निवडणूक तेवढी जमत नव्हती!

आणि आजचा तोडगा काय? बांठिया अहवालाच्या आधी जे आरक्षण होतं ते ठेवून निवडणुका घ्या, याचिकांचं काय ते नंतर बघू. हेच तीन वर्षांपूर्वी का सांगता आलं नाही? सासूबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या तेव्हा का नाही?

हो, सरकारांनाही निवडणुका नकोच होत्या. एकानं प्रभाग वाढवले, दुसऱ्यानं ते फिरवले. ओबीसींचं आरक्षण ही किरकोळ बाब नाही आणि कोर्टापुढे खटल्यांचा डोंगर आहे, तेही मान्य. पण मग ‘न्यायालय राजकारणात पडत नाही’ हे मला ऐकवू नका. अख्ख्या शहराचं बजेट एका अधिकाऱ्याच्या सहीनं मंजूर होत राहिलं. स्थायी समिती नाही, सभागृह नाही, जाब विचारणारं कुणी नाही. ही सत्ता कुणाच्या तरी हातात गेलीच ना? तारीख पुढे ढकलणाऱ्याला हे दिसत नव्हतं?

आणि हा उशीर फक्त महापालिकेपुरता नाही. पक्षांना गुपचूप देणग्या देण्याचे निवडणूक रोखे २०१८ मध्ये आले, घटनाबाह्य ठरले फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधली लोकसभा त्याच पैशावर लढली गेली. शिवसेनेच्या निकालात ११ मे २०२३ ला कोर्ट म्हणालं, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चूक होतं. पण उद्धव ठाकरेंनी राजीनामा आधीच दिलाय, आता जुनं सरकार परत आणता येत नाही. आमदारांच्या अपात्रतेचं विधानसभेच्या अध्यक्षांनी ठरवावं. अध्यक्षांनी ठरवलं जानेवारी २०२४ मध्ये, त्यावर पुन्हा अपील, आणि ते पडून असतानाच ती विधानसभा संपलीसुद्धा. कुठल्याही पक्षाचे असा, हे तुम्हाला पटतं?

माझे वडील १२ जून १९७५ ची गोष्ट सांगायचे. अलाहाबाद उच्च न्यायालयातले न्या. जगमोहनलाल सिन्हा, समोर खुद्द पंतप्रधान, आणि त्यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. सांगताना बाबांचा आवाज जड व्हायचा. ते काँग्रेसचेच मतदार होते, तरीही. कोर्टाबद्दलचा तो आदर माझ्या घरात रुजलेला आहे, म्हणून तर एवढं लागतं. परक्यावर कोण एवढं चिडतं?

सासूबाई आता आमच्यासोबत वरच्या मजल्यावर राहतात. जिना चढताना गुडघे धरतात. खालच्या खोलीत परत जायचं नाव काढत नाहीत. ‘पाऊस आला की बघू’ म्हणतात.

आणि आजच्या आदेशातही राज्य निवडणूक आयोगाला मुदतवाढ मागायची मुभा आहेच. मागतील, बघाच. पावसाळा आहे, मशीन नाहीत, कर्मचारी नाहीत, असं सांगतील. तेव्हा न्यायमूर्तींनी एवढंच विचारावं, की नोव्हेंबरात विधानसभेला हे सगळं कुठून आलं होतं? आणि उत्तर येईपर्यंत पुढची तारीख देऊ नये.