"काका, आत काय काय होतं?"

मंडळी, आज दुपारी कॉलेज रोडच्या एका गल्लीतल्या दुकानात विशीतल्या एका पोराशी भांडून आलोय. आवाज चढवून. शेजारचा रसवाला चरक थांबवून बघत होता. आणि तो पोरगा शांतपणे एवढंच म्हणाला, "काका, मी विचारलं होतं ना."

विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. गुरुवारी कॉम्प्युटर फॉरमॅटला दिला तेव्हाच म्हणाला होता, "काका, आत काय काय होतं? परत टाकून देतो." मी ऐटीत सांगितलं, "अरे, नेहमीचं सगळं."

नेहमीचं सगळं! 31 वर्षं अंबडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं मी. कुठला नट कुठल्या रॅकवर, किती शिल्लक, शेवटचा कुणी नेला, सगळं बिन कार्डावर. वार्षिक मोजणीत चार वॉशर कमी भरले तर मला रात्री झोप लागायची नाही. आणि घरच्या डब्यात काय भरलंय विचारलं, तर उत्तर काय? नेहमीचं सगळं.

डबा 2016चा, चिरंजीवांच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला. विंडोज 10चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला थांबले आणि 11ला हा प्रोसेसर चालत नाही. त्यात सी ड्राइव्हची, म्हणजे विंडोज बसतं त्या कप्प्याची, जागा भरत आल्याची पट्टी कायम लाल. आपण नाशिककर गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो, तशी आमच्या घरात ती लाल पट्टी. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की हिची कुरकुर सुरू होते, गळ्याशी आलं की मी दुकान गाठतो. म्हटलं धुऊनपुसून अजून एक वर्ष काढू. (लिनक्सवाल्यांनी आज गप्प बसावं. आज नको.)

पोराने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डी ड्राइव्ह नीट सांभाळलं. पण सोसायटीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आपला सगळा डेटा सी ड्राइव्हवर 'प्रोग्राम डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत होतं. हा फोल्डर विंडोज मुळातच लपवून ठेवतं. मला तो माहीत नव्हता, आणि असलं काही सॉफ्टवेअर आत होतं हे पोराला माहीत नव्हतं. मार्चअखेरची प्रत सीएंच्या मेलवर आहे म्हणून अब्रू वाचली. एप्रिलपासूनच्या 42 फ्लॅटच्या पावत्या आता पुन्हा चढवायच्या. प्रिंटरचा ड्रायव्हर काय, मिळाला.

जिवाला लागलंय ते वेगळंच. अण्णांनी शेवटच्या काळात आमच्या कुळाची वंशावळ टाइप केली होती. एका बोटाने, चष्मा कपाळावर चढवून. फाइल शाबूत आहे. उघडली तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा फाँट. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. फाँट गेला की अख्खं कूळ बाराखडीबाहेर. वर्डच्या चौकटीत फाँटचं नाव तेवढं दिसतंय, पण तो आणायचा कुठून? सीडी कुणी दिली होती, कुठल्या साली, ती कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे? ड्रॉवरमध्ये 19 सीड्या सापडल्या. एकीवरही काही लिहिलेलं नाही. एकीवर चहाचा डाग आहे.

आता माझी आई बघा. सातवी पास. भांडी बाजारातून साधी वाटी आणली तरी तिथल्या माणसाकडून नाव घालून घेतल्याशिवाय घरात येऊ द्यायची नाही. कुणी दिली, कशाप्रीत्यर्थ, तारीख. आमच्या मांडणीवर 1974च्या मुंजीचा तांब्या आहे, अजून वाचता येतो. तुमच्याही घरी असेलच. आपल्या लोकांत वाटीला गोत्र असतं आणि कॉम्प्युटरमध्ये मात्र कोण कधी घुसलं याचा पत्ता नाही. भाचा आला, एक गेम टाकून गेला. कुणीतरी पीडीएफ जोडायचं काहीतरी उतरवलं, त्याच्यासोबत ब्राउझरला एक पट्टी चिकटून आली. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. या नेक्स्टवाल्यांना एकदा माझ्या स्टोअरच्या गेटवर उभं करायला हवं होतं. चलन दाखव, मगच आत!

विंडोज स्वतः यादी ठेवतं, मान्य. सेटिंग्जमध्ये दिसते, आणि कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत 'विनगेट लिस्ट' टाइप केलं की धबाधबा खाली येते. पण ती यादी तुम्ही फॉरमॅटच्या आधी काढून घेतली तर! मी घेतली नाही. शिवाय इन्स्टॉल न करता नुसत्या फोल्डरमधून चालणारे प्रोग्राम तिच्यात येत नाहीत. तारखेचंही खरं नाही, अपडेट झालं की ती बदलू शकते. उलट 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' नावाचं काहीतरी दहा वेळा दिसतं, 2008, 2010, 2013 असं. अडगळ म्हणून मी एकदा त्यातले चार काढले आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेना. ते दुसऱ्या प्रोग्रामांच्या पायाखालचे दगड असतात, हे दोन दिवसांनी कळलं. आणि सीरियल नंबर, सीडी कुठे ठेवली, हे मुळात कशासाठी टाकलं होतं, हे कुठली यादी सांगणार?

चिरंजीवांना फोन केला. "बाबा, आता सगळं ऑनलाइन असतं, याद्या कोण ठेवतं?" त्याचं असेल. अण्णांचं नव्हतं. मीही जरा जास्तच बोललो त्याला, फोन ठेवल्यावर वाईट वाटलं.

संध्याकाळी परत दुकानात गेलो. माफी वगैरे मागायची सवय नाही आपल्याला. म्हटलं, "भाऊ, तू नवीन काय काय टाकलंस तेवढं लिहून दे." त्याने बिलाच्या पाठीवर लिहून दिलं, सात नावं, अक्षर बरं आहे. खाली मी तारीख घातली. मग आपणच म्हणाला, "काका, तो फाँट माझ्याकडे नाही, पण जुन्या डीटीपीवाल्यांकडे, कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवणाऱ्यांकडे, विचारा." काही न सांगता गप्प बसला असता तरी चाललं असतं त्याला, गिऱ्हाईक तर ओरडून गेलं होतं.

तर विचारतोय. फाँटच्या नावाचा फोटो खाली टाकलाय. नाशिकमधल्या ज्यांनी 2000च्या आसपास लग्नपत्रिका, हँडबिलं छापली असतील, त्यांनी आपापले ड्रॉवर बघा. मूळ सीडी सापडली तर गाडी काढून घ्यायला येतो, येताना मिसळ माझ्याकडून. सीडीवर नाव लिहिलेलं नसलं तरी चालेल, लावून बघू.