'डीटीपीच्या दुकानात डिझायनर होत नाही' म्हणणाऱ्या वाचकांस

आधी तुमची प्रतिक्रिया इथे पुन्हा देतो, म्हणजे बाकीच्यांना शोधत बसावं लागणार नाही. प्रेसमधल्या उमेदवारीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिता : "इंटर्नशिपच्या नावाखाली फुकट राबवून घेणाऱ्यांची ही जाहिरात आहे. डीटीपीच्या दुकानात बसून माणूस फार तर ऑपरेटर होतो, डिझायनर नाही. असल्या दुकानदारीला शिक्षण म्हणणं बंद करा." शिवाय १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा दाखला, स्टायपेंड, पालकांवर पडणारा खर्च, वगैरे.

मतभेदाला माझी हरकत नाही. पण 'बंद करा'? आपली ओळख ना पाळख, आणि 'एक त्रस्त डिझायनर' या नावाआडून थेट हुकूम! 'मला पटलं नाही' एवढं साधं लिहिता आलं असतं की.

स्टायपेंड मिळायला हवा, निदान बसचा पास आणि दुपारचं जेवण तरी सुटायला हवं, हे मान्य. लेखात त्यावर एखादी ओळ जास्त लिहिता आली असती. कायद्याचा विषय वेगळा आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

आता ते 'ऑपरेटर'. मी उपयोजित कलेची पदवी घेऊन मग पुण्यात, नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये उमेदवारीला बसलो. लेटरिंगला बक्षीसही होतं. (हे सांगायची वेळ तुम्ही आणलीत.) तिथल्या डीटीपीवाल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्या काकांकडे कसली पदवी नव्हती. पण थ्री-फोल्ड ब्रोशर कसं आखायचं हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी एका दुपारी कागद दुमडून दाखवलं. आडवा ए-फोर २९७ मिलिमीटर. कॉलेजातून आलेलं पोर ९९चे तीन सारखे भाग पाडतं. आत जाणारी घडी ९७ची आणि बाकीच्या दोन १००च्या ठेवल्या नाहीत, तर कागद आत अडतो आणि ब्रोशर फुगून बसतं. बारीक मजकुराचा काळा नुसता के-१००, म्हणजे फक्त काळ्या शाईचा का ठेवायचा, हेही तिथलंच. चारही शाया मिसळलेला काळा स्क्रीनवर भारी दिसतो. मशीनवर रजिस्ट्रेशन (रंगावर रंग नेमका बसणं) जरा हललं की आठ पॉइंटच्या अक्षराला रंगीत कडा फुटतात.

आणि मराठीचं काय? इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये इंडिकचा, म्हणजे भारतीय लिप्यांचा पर्याय सुरू न करता मजकूर चिकटवून बघा. जोडाक्षरं सुटी होतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, लग्नपत्रिकेतला 'चि.'सुद्धा धड राहत नाही. युनिकोडमधला मजकूर श्रीलिपी या मराठी टाइपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणला की रफार पुन्हा एकेक करून तपासायचे. पत्रिकेत आजोबांचं नाव मोडलं, तर समोर मुलीचे वडील उभे राहतात. तिथे कॉलेजातल्या बाहेरच्या परीक्षकासारखे पाच मार्क कापून भागत नाही.

हे ऑपरेटरचं काम असेल तर असू दे. तुमच्या डिझायनरांच्या फायली रात्री उशिरा येतात, आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, ब्लीड (कापताना जाणारा कडेचा जादा भाग) शून्य, फॉन्ट कर्व्ह न केलेले, म्हणजे अक्षरांचे आकारांत रूपांतर न केलेले. त्यांना चहूबाजूंनी तीन मिलिमीटर वाढवून, पानं फर्म्यात, म्हणजे छपाईच्या मोठ्या कागदावर क्रमाने लावून प्लेटला कोण पाठवतं? सकाळी 'माझं डिझाइन' म्हणून फोटो टाकताना त्या माणसाचं नाव कुणी घातलेलं मी अजून पाहिलेलं नाही. तुम्ही घालत असाल तर आनंद आहे.

तुम्ही स्वतः कुठे शिकलात, तेही लिहिलेलं नाहीत. मला अंदाज आहे, पण राहू दे.

बाकीचे मुद्दे नेहमीचेच आहेत, त्यांवर पूर्वी लिहून झालंय. तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, याची नोंद घ्यावी. पुढच्या वेळी त्या काकांच्या कामाला 'दुकानदारी' म्हणालात, तर मात्र काढेन.