हत्तींची पैदास म्हणजे पैशांचा चुराडा? नाही!

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: प्राणीसंग्रहालयांत हत्तींची पैदास करणं हे क्रौर्य आहे, पैशांचा चुराडा आहे, त्याला पाठिंबा देऊ नका. हाथीखाना आणि साठमारीची (हत्तींच्या झुंजीच्या खेळाची) आठवण असलेल्या शहराला हत्तींच्या हालांची चीड यावी, हे योग्यच. पण मेसेजमधले दावे तपासायला हवेत.

‘बंदिवासात हत्ती रानातल्या हत्तींच्या निम्मंही जगत नाहीत.’ आकडे खरे आहेत. २००८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात युरोपातल्या प्राणीसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचं मध्यक आयुर्मान (ज्या वयापर्यंत निम्म्या मरतात ते वय) १८.९ वर्षं निघालं आणि तुलनेतल्या हत्तिणींचं ४१.७. मात्र या दुसऱ्या हत्तिणी रानटी नव्हत्या. त्या म्यानमारमध्ये ओंडके ओढणाऱ्या, माणसाच्याच ताब्यातल्या होत्या. काम संपलं की त्या रात्री जंगलात चरायला सुटत, इतर हत्तींत मिसळत, रानटी नरांपासून गाभणही राहत. म्हणजे घात करते ती ठेवण्याची रीत: वाढलेलं वजन, पिल्लाला आईपासून तोडणं, या गावाहून त्या गावी हलवणं. हे सगळं बदलता येतं, आणि ते बदलायलाच पाठिंबा हवा.

‘बंदिवासात पिल्लं होतच नाहीत.’ होतात, पण कष्टानं. हत्तिणीचं ऋतुचक्र तीन-चार महिन्यांचं, गर्भारपण सुमारे २२ महिन्यांचं. तिच्या रक्तात एलएच हे संप्रेरक तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा उसळतं आणि बीज सुटतं ते दुसऱ्या वेळी. हे कळलं पाळलेल्या हत्तिणींचं रक्त वरचेवर तपासल्यामुळे. रानातल्या हत्तिणीचं कोण तपासणार? त्याच ज्ञानावर १९९९ साली अमेरिकेत मिझुरीत कृत्रिम रेतनातून आशियाई हत्तीचं पिल्लू जन्मलं.

‘पिल्लं विषाणूनं मरतात.’ हो, एका हर्पिस विषाणूनं. पण तो दक्षिण भारताच्या रानातली पिल्लंही मारतो. त्यावरची एमआरएनए लस २०२४ साली पहिल्यांदा टोचली गेली ती ह्यूस्टनच्या प्राणीसंग्रहालयातल्या हत्तिणीला. ती यशस्वी ठरली तर आपल्याकडच्या, पाळीव हत्तींच्या जंगलातल्या छावण्यांतली पिल्लंही वाचतील.

‘भारतानं २००९ मध्येच हत्ती प्राणीसंग्रहालयांतून हलवायला सांगितले.’ सांगितले, आणि ठीकच केलं. १८७९ पासून भर शहरात असलेल्या आपल्या कमाटीबागेतल्या प्राणीसंग्रहालयात हत्तींचा कळप ठेवा, असं मीही म्हणणार नाही. पण केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाचा तो आदेश जागेच्या प्रश्नावर होता. तमिळनाडूतल्या थेप्पकाडूसारख्या जंगलातल्या छावण्यांत पिल्लं जन्मतात, वाढतात.

राहिला ‘ही पिल्लं जंगलात कुठे जातात?’ हा प्रश्न. बहुतेक जात नाहीत, हे मान्य. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए-गणनेनुसार भारतात २२,४४६ रानटी हत्ती आहेत. त्यांना आधी हवेत मोकळे हत्तीमार्ग. विजेच्या तारा आणि रेल्वे त्यांचा जीव घेताहेत. हत्तीमार्गांसाठीचा पैसा पैदाशीकडे वळवू नये. पण पैदास करणाऱ्या संस्थेला देणगी द्यायची असेल, तर आधी विचारा: कळप किती मोठा, जमीन किती, आणि पिल्लू आईजवळ किती वर्षं राहतं?