वही अपूर्ण, म्हणून गाणं बंद?

मी घरी गाणं शिकवते. आज दुपारी एक आई तिच्या तेरा वर्षांच्या पोराला घेऊन आली. पोराच्या हातात गाण्याची वही. शेवटच्या पानावर लाल पेनानं लिहिलेलं, "वही अपूर्ण. तालाचे ज्ञान नाही. परीक्षेस बसवू नये." खाली झोकदार सही. तो ज्या क्लासला जायचा त्याचं नाव लिहिणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका. आई म्हणाली, "मॅडम, सर म्हणाले ह्याला कानच नाही, उगी फी घालवू नका." हे पोरासमोर सांगितलं त्यांनी. पोराच्या देखत!

डोकं फिरलंय माझं. लांबलचक होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा.

मी त्याला सोळा मात्रांचा तीनताल हातावर दाखवायला सांगितला. 'खाली'पाशी, म्हणजे जिथं टाळी द्यायची नसते तिथं, गडबडला. खरंच गडबडला, खोटं कशाला बोलू. मग विचारलं, गणपतीत काय करतोस रे? तर म्हणे लेझीम, पुढच्या रांगेत असतो. म्हटलं दाखव. लेझीम नव्हती, नुसत्या हातांनीच सुरू झाला. वाकणं, उठणं, वळणं, सगळं मापात. मी टाळीची लय मध्येच वाढवली, तो बरोबर वाढला. उतरवली, उतरला. हलगीच्या ठेक्यावर अख्खी मिरवणूक पाऊल न चुकता काढणाऱ्या पोराला तालाचं ज्ञान नाही? सोलापुरात बसून हे लिहायला हात कसा धजावतो?

मग त्यालाच उभं केलं. चार-चार मात्रांच्या चार फेऱ्या. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या फेरीची सुरुवात पाय वाजवून करायची. तिसऱ्या फेरीला पाय उचलायचा पण वाजवायचा नाही, ती खाली. थोड्या वेळात सोळा मात्रा नीट फिरायला लागल्या. पोरगं हसलं, म्हणालं, "एवढंच होय?" हो बाबा, एवढंच.

मला आमच्या बाई आठवल्या. साखर पेठेत त्यांचा जुना वाडा होता, तिथं आम्ही चार-पाच मुली शिकायचो. मी वहीवाली, स्वर खुणांनी लिहून काढणारी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, सगळं पट्टी लावून. एक मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील मागावर, घरी तेलुगू, शाळाही तेलुगू माध्यमाची. देवनागरीत स्वरलिपी उतरवायची म्हणजे तिला दुप्पट काम. सगळ्यांची पानं भरली तरी ती दुसऱ्याच ओळीवर. आजच्या क्लासात असती तर पहिल्याच महिन्यात लाल शेरा!

बाईंनी एक दिवस तिची वही मिटून बाजूला ठेवली आणि तिला माडीच्या जिन्यापाशी नेलं. खालची पायरी सा. रे, ग. चौथीवर पाय ठेवायचा नाही, ती म. पाचवी प, सहावी ध. सातवी परत ओलांडायची, तो नी. आठवीवर वरचा सा. परकर गोळा करून ती उड्या मारत गात वर गेली, गात खाली आली. भूप राग झाला! म आणि नी लागत नाहीत हे मी पाठ केलं होतं, तिच्या पोटऱ्यांना कळलं होतं. मग बाई म्हणाल्या, आता ग च्या पायरीवर बस, तिथं रेंगाळ, संध्याकाळ झालीय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पायऱ्या, पण बसायचं ध वर. स्वर तेच, पण राग झाला देसकार. वादी-संवादीची, म्हणजे रागातल्या मुख्य स्वराची आणि त्याच्या जोडीच्या स्वराची, व्याख्या मी घोकत होते आणि ही एकेका पायरीवर बसून राग बदलत होती.

बाई तिला तानपुऱ्याच्या भोपळ्याला गाल लावायला सांगायच्या. "सा कानात नाही आला तर गालात येईल." तिचा सा असा लागायचा की आम्ही बाकीच्या गप्प व्हायचो.

मान्य, बाईंकडे चार-पाच पोरी होत्या आणि आजच्या क्लासवाल्यांकडे एका बॅचला पंचवीस. जागेचं भाडं आहे, पोटापाण्याचं आहे. पण पंचवीस पोरांची फी घेताना हे आठवतं का?

परीक्षा नकोत असंही मी म्हणत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मीही दिल्यात, प्रारंभिकपासून. पण दहावीला कलेचे वाढीव गुण मिळायला लागले आणि गाणं शिकायचं सोडून फॉर्म भरायचा धंदा झालाय. राग गाता नाही आला तरी चालेल, वहीत लिहिता आला की झालं, असं पालकांनाही वाटायला लागलंय.

स्वरलिपीला नावं ठेवली की लगेच कुणीतरी स्वतःची स्वरलिपी बनवणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांचं नाव काढतं. काढा ना! विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ज्यांच्या घरात गाणं नाही त्यांच्यापर्यंत ते पोहोचवायला. लिपी त्यासाठी होती आणि तिचे उपकार आहेतच, माझ्यासारखीला गाणं मिळालं ते त्यामुळेच. पण त्यांची स्वतःची दृष्टी लहानपणी फटाक्यानं अधू झाली होती आणि ते मिरजेत गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसमोर बसून शिकले होते. त्यांच्या लिपीचं नाव घेऊन तुम्ही वही अपूर्ण म्हणून पोराला हाकलता?

आणि "कान नाही" कशावरून ठरवलं, तेही ऐका. अख्खी बॅच पेटीच्या काळी चार पट्टीत, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गाते, कारण मुली जास्त आहेत. ह्याचा आवाज फुटतोय. वरच्या, तार सप्तकाकडं गेलं की चिरकतो, पोरं हसतात, हा तोंड मिटून बसतो. मी पेटीवर काळी एक धरली आणि सा लावायला सांगितला. लागला. खर्जात, खालच्या सप्तकात, पंचमापर्यंत गेला, मजेत गेला. कान शाबूत आहे हो त्याचा! ह्या वयात पट्टी उतरवायची, वर ताणायचं नाही, जमेल तेवढंच गायचं, हे कुठल्याही जुन्या गवयाला माहीत असतं.

आता काही शहाणे येतील कमेंटमध्ये. बघून शिकणारा, ऐकून शिकणारा, करून शिकणारा अशी मुलांची वर्गवारी करून शिकवलं तर जास्त येतं, ह्याला मानसशास्त्रात धड पुरावा नाही म्हणून. वाचलंय मी, असेल तसं. मला कुठं पोरांच्या कपाळावर चिठ्ठ्या चिकटवायच्यात? बाईंनी जिना त्या एकटीसाठी काढला, पण नंतर आम्ही सगळ्याच त्यावर नाचलो आणि मी वहीवाली असून मलाही भूप जिन्यावरच कळला. एका रस्त्यानं येत नसेल तर दुसरा दाखवा, एवढंच मागणं आहे.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या सरांनाही कुणी असंच शिकवलं असेल, वही तपासून. पण तो लाल शेरा वाचताना पोराचा चेहरा कसा झाला होता ते मी बघितलंय, त्यामुळे पूर्ण माफी नाही.

पोराला ह्या शनिवारपासून बोलावलंय. फी आईला परवडेल तेवढी. परीक्षेचं पुढच्या वर्षी बघू, आवाज बसू दे आधी. अडचण एकच, जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये माडी नाही. म्हणजे सोसायटीचा जिना आला. सेक्रेटरी काका, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात म्हणून इथंच सांगते. शनिवारी संध्याकाळी सहा ते सात, दुसऱ्या मजल्यापर्यंतच. लिफ्ट वापरा.