आमचा मँडरीन उपाशी नव्हता

‘दर्यावर्दी’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकास, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, आज नको, डोकं शांत झाल्यावर लिही. आज शुक्रवार. डोकं शांत झालंय असं मला वाटतं. तिला तसं वाटत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आमच्याकडे खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक मँडरीन आहे. बोटभर मासा, अंगावर निळ्या-केशरी नागमोडी रेघा, पोहण्यापेक्षा वाळूवरून चालल्यासारखाच फिरतो. समुद्रात तो दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड टिपत असतो, म्हणजे रव्याच्या कणापेक्षाही बारीक जिवंत जीव. दुकानातले पेलेट किंवा फ्लेक्स समोर टाकले तर ढुंकून बघत नाही. त्याला चार महिन्यांत गोठवलेली गाबोळी खायची सवय कशी लावली, एवढाच तो लेख होता.

त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘लेखक महाशय, माशाला उपाशी ठेवून शिकवणं याला शिकवणं म्हणत नाहीत, छळ म्हणतात. चार व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालेल्यांनी मुक्या जिवांवर प्रयोग करू नयेत.’ पुढे आणखी चार मुद्दे: टाकी लहान आहे, हा मासा विकतच घ्यायला नको होता, फोटोत त्याचं पोट आत गेलेलं दिसतं, आणि कोपेपॉड म्हणजे ‘किडे’ नव्हेत.

शेवटच्यापासून सुरुवात करतो. कोपेपॉड किडे नव्हेत, हे बरोबर. ते कवचधारी, कोळंबी-खेकड्यांच्या गणगोतातले. मी घाईत ‘बारीक किडे’ लिहून गेलो होतो. चूक मान्य आहे, लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. चूक दाखवली की मी दुरुस्त करतो, हे यानिमित्ताने नोंदवून ठेवतो.

आता ‘महाशय’. नऊ वर्षं मी इथे लिहितोय. लोकांनी मला दादा म्हटलं, काका म्हटलं, एकाने तर ‘अहो मासेवाले’ म्हटलं, मी हसून घेतलं. पण ‘महाशय’ हा शब्द मराठीत कोणी आदराने वापरत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. ज्या माणसाला भेटल्यावर हात जोडून ‘या, बसा’ म्हणाल, त्याला तुम्ही महाशय म्हणाल का? असो. मी तुम्हाला ‘तुम्ही’च म्हणत राहीन.

‘उपाशी’वर मात्र मी थांबणार आहे, कारण हा शब्द माझ्या लेखात कुठेही नाही. माझं वाक्य होतं: ‘सकाळी त्याला भूक लागलेली असते तेव्हा गाबोळी द्यावी.’ भूक लागणं आणि उपाशी राहणं यात फरक आहे. आपल्याकडे तर उपास करणाराही एकादशी दुप्पट खाशी. सकाळी उठल्यावर तुम्हाला भूक लागते तेव्हा तुमच्या घरचे तुमचा छळ करत असतात का?

प्रत्यक्षात काय केलं ते सांगतो, म्हणजे बाकीच्यांना तरी उपयोग होईल. पहिले तीन आठवडे गाबोळीचं नावही काढलं नाही. रोज संध्याकाळी बिसलेरीची लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगायची, त्यात मिठाचं पाणी, तळाशी हवेची नळी, आणि अर्धा चमचा आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीच्याच गणगोतातल्या एका बारीक खाऱ्या पाण्यातल्या जिवाची, सुकी अंडी. डोंबिवलीच्या उकाड्यात २४ तासांत पिल्लं बाहेर येतात. मग हवा बंद करून बाटलीच्या तळाशी टॉर्च धरायचा. टरफलं वर तरंगतात आणि पिल्लं उजेडाकडे सरकतात, खाली केशरी धूर साचल्यासारखा दिसतो. तो नळीने काढून मलमलच्या फडक्यातून गाळायचा, धुवायचा आणि लगेच घालायचा. लगेच, कारण नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलक असतो आणि खाणाऱ्याला त्याचाच फायदा. तासागणिक तो संपत जातो. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लू स्वतः काही खात नाही, त्यामुळे त्याआधी त्याला स्पिरुलिना (शेवाळासारखी हिरवी भुकटी) घालून उपयोग नाही. हे मी व्हिडिओत पाहिलं नाही. आठवडाभर शिळी पिल्लं घालून मासा रोडावल्यावर शिकलो.

टाकीत क्लाउनफिशची जोडी आहे, आणि ती म्हणजे लग्नाच्या पंगतीत पहिल्या रांगेत बसणारी मंडळी. म्हणून मुरांब्याची रिकामी बरणी वाळूत आडवी ठेवली आणि ड्रॉपरला लांब नळी जोडून खाणं थेट बरणीत सोडलं. क्लाउनफिश वाळूपर्यंत सहसा उतरत नाहीत आणि मँडरीन वाळू सोडत नाही. चौथ्या दिवशी तो बरणीच्या तोंडाशी येऊन थांबायला लागला. आठवड्याने मी ड्रॉपर हातात घेतला की आधीच आत जाऊन बसायचा.

चौथ्या आठवड्यापासून पिल्लांत बांगड्याची गाबोळी मिसळायला लागलो. बाजारातून ताजी आणायची, चहाच्या गाळणीवर पाण्याखाली चोळून दाणे सुटे करायचे, चिमटी-चिमटीने गोठवायचे. (घरात यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. गाबोळी तळायची सोडून माशाला घालणारा जावई आमच्या सासरी पहिलाच.) आधी नऊ भाग पिल्लं, एक भाग गाबोळी. मग आठ-दोन. एकेचाळिसाव्या सकाळी पाण्याच्या झोताने एक दाणा गडगडत त्याच्यासमोर आला. त्याने एक डोळा वळवला, मग दुसरा. हा मासा डोळे वेगवेगळे फिरवतो, त्यामुळे विचार करतोय असंच वाटतं. टिपला. थुंकला. पुन्हा टिपला आणि पुन्हा थुंकला. तिसऱ्यांदा मात्र दाणा बाहेर आला नाही. या सगळ्या वेळात त्याच बरणीत शेकडो जिवंत पिल्लं पोहत होती. सांगा, यात उपाशी कोण होतं? मी होतो, साडेआठची लोकल चुकवून, डबा न घेता.

‘चार व्हिडिओ.’ हे मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. माझे आजोबा मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढायचे. सुट्टीत पहाटे आम्ही मुलं दोरीच्या शेवटच्या टोकाला लोंबकळायचो, आणि जाळं वाळूवर आलं की कुठला मासा अजून जिवंत आहे, कुठला दमला आहे, कुठला मेला आहे हे आजोबा नुसते कल्ल्यांकडे बघून सांगायचे. माशाकडे बघायला मी तिथे शिकलो. तुम्ही कुठे शिकलात ते लिहिलेलं नाही. टोपणनावाच्या मागून ‘दर्यावर्दी’ होणं सोपं असतं.

आणि उपाशी मासा कसा दिसतो हे मला कोणी सांगायची गरज नाही. २०१२ मध्ये मी पहिला मँडरीन आणला होता. दुकानदार म्हणाला, ‘सगळं खातो.’ मी मान डोलावली. टाकी तीन महिन्यांची, खडकही नवेच, कोपेपॉड होते ते त्याने पंधरा दिवसांत संपवले. मग तो तासन् तास एकाच दगडावर तोंड मारत राहिला. आधी समोरून पाहिलं की पोटाच्या दोन्ही बाजू आत गेलेल्या दिसायला लागल्या, मग डोक्यामागे खाच पडली, मग पाठीची रेघ वर आली. रंग मात्र शेवटपर्यंत तसाच झगझगीत, म्हणून पाहुणे ‘काय सुंदर आहे’ म्हणत राहिले. सात आठवडे टिकला. त्यानंतर अकरा वर्षं मी मँडरीन घेतला नाही. हे मूळ लेखात लिहिलं नव्हतं कारण त्याची गरज वाटली नव्हती. आता तुम्ही लिहायला लावलंत.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. टाकी तीन फुटी आहे, १९० लिटरच्या आसपास. तुम्ही म्हणता २८० हवी. हा आकडा सगळीकडे दिसतो, पण तो ज्यांचा मासा फक्त खडकांवरच्या कोपेपॉडवर जगतो त्यांच्यासाठी आहे. खाली संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या दुसऱ्या टाकीत, शेवाळ ठेवलं आहे, त्यातही कोपेपॉड वाढतात. पुरे.

मासा विकत घ्यायलाच नको होता, हा तुमचा मुद्दा तुम्ही बराच लांबवला आहे. मँडरीन बहुतेक फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या समुद्रातून पकडून येतात, पाठीवरचा पहिला काटा लांब असलेल्या नरांना मागणी जास्त, वाटेतच कित्येक मरतात, आणि माणसाने टाकीत पैदा केलेला मासा मिळेपर्यंत थांबावं, वगैरे. मला हे माहीत नाही असं नाही. पण मासा पकडणं आणि त्याला खायला घालणं हे दोन वेगळे विषय आहेत, आणि माझा लेख दुसऱ्यावर होता. पहिल्यावर कधीतरी लिहीन. तेव्हा या.

राहिला फोटो. मूळ लेखातला तो फोटो संध्याकाळी निळा दिवा चालू असताना काढलेला आहे. उजेड वरून पडतो, पोटाखाली सावली येते, आणि मँडरीनचं अंग तसंही वरून चपटं असतं. सावलीला खळगी समजण्याइतकी घाई नको होती. तरीही काल रात्री, केवळ खातरजमा म्हणून, टॉर्च लावून त्याला समोरून पाहिलं. मला तो ठीक वाटला. बायकोलाही बोलावलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता आत गेली.

आजपासून बाटल्या दोन लावतोय, सकाळची आणि संध्याकाळची. तुमच्या प्रतिक्रियेशी त्याचा काही संबंध नाही.