उत्तर गटावरच द्या

आज सकाळी साडेसहाला आमच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एका पोरानं फोटो टाकला. तुरीचं झाड, पानं पिवळी, शेंडा मान टाकलेला. खाली लिहिलं होतं, "तूर एकाएकी वाळून राहिली. दहा-बारा झाडं गेली. काय करावं, कोणी सांगा."

संध्याकाळी वावरातून आल्यावर गट उघडला. त्या फोटोखाली वाढदिवसाचे केक, शुभ सकाळ, कोणाच्या तरी सत्काराचे ढीगभर फोटो. त्या पोराला उत्तर एकही नाही. एकानं अंगठा दाखवलेला होता. वाळलेल्या तुरीला अंगठा दाखवून त्या पोरानं काय करायचं?

दुपारी तो कृषी केंद्रात, म्हणजे औषधाच्या दुकानात गेला आणि १,२०० रुपयांची बाटली घेऊन आला. माझ्या दिराला रस्त्यात भेटला तेव्हा पंप भरायला निघाला होता. मी संध्याकाळी गटावर लिहिलं तोवर फवारून झालं होतं.

गटात तीनशेच्या वर माणसं आहेत. बहुतेक आर्णी, दिग्रस, दारव्हा या पट्ट्यातली, सगळी कोरडवाहू, सगळ्यांच्या घरी तूर-सोयाबीन-पराटी (कपाशी). यातल्या कितीजणांच्या तुरीला आजवर मर, म्हणजे झाड उभं वाळवणारा रोग, लागली असेल? माझ्या डोळ्यांसमोर नावं आहेत. ती सगळी माणसं आज दिवसभर गटावर होती, केकला टाळ्या वाजवत होती.

आणि उत्तर काही फार मोठं नव्हतं. वाळलेलं एक झाड उपट आणि खोड बुडापासून उभं चीर. आत काळपट-तपकिरी रेषा दिसल्या तर मर आहे. मातीतली बुरशी मुळातून शिरते आणि झाडाची पाणी वर चढायची वाट बंद करते. वाळलेलं झाड कोणत्याच फवारणीनं परत येत नाही, म्हणून त्यावर पैसा घालू नको. पुढच्या साली त्या तुकड्यात तूर घेऊ नको, नाहीतर मर सहन करणारं वाण घे, बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) लाव, मध्ये ज्वारीचे तास टाक. रेषा नसतील तर पाणी कुठं साचलं होतं ते पाहा आणि चर काढ. दोन मिनिटांचं बोलणं आहे हे. आवाज रेकॉर्ड करून पाठवलं असतं तरी चाललं असतं.

बाकीचं हे सगळं मी गटावर न लिहिता इथं लिहिते आहे, कारण तिथं एवढं लांब कोणी वाचत नाही, आणि गटातले निम्मे लोक इथंही आहेत. वाचा.

माझं स्वतःचं सांगते. २०२० च्या खरिपात विदर्भात, मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून केवढी बोंब झाली होती, ते विसरला नसाल. दुबार पेरणी कितीजणांच्या नशिबी आली. म्हणून पुढच्या साली सगळ्यांनी घरचंच बियाणं ठेवलं. आम्हीही ठेवलं. माझे मिस्टर बुटीबोरीला कामाला, शेती मी आणि मामाजी (माझे सासरे) पाहतो. पेरणीच्या आधी मी गटावर विचारलं, "घरचं सोयाबीन उगवेल की नाही हे आधीच कसं समजेल?" माझ्या नावानं, माझ्या नंबरवरून विचारलं. दिवसभर कोणी काही बोललं नाही. एकानं हसण्याची बाहुली टाकली.

रात्री नऊला फोन आला. माझ्या फोनवर नाही, मामाजींच्या फोनवर. पलीकडच्या गावातले एक जुने शेतकरी. "सूनबाईले सांगा, शंभर दाने मोजून घ्या, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या रांगेनं मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, पानी शिंपडत राहा, आठ दिसांनं उघडून पाहा. सत्तरच्या वर उगवले तं बिनधास्त पेरा."

आम्ही केलं. ६४ उगवले. मग त्यांनाच परत विचारून एकरी ३० किलोऐवजी ३३ किलो बियाणं धरलं, आणि वावर भरलं. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण मला आजही तो फोन आठवला की दुसरी एक गोष्ट जास्त सलते. त्याच गटातल्या, माझ्याच ओळखीच्या दोन घरांनी त्या आठवड्यात घरचंच बियाणं न तपासता पेरलं आणि अर्धं वावर उघडं राहिलं. त्यांनी पुन्हा बियाणं विकत घेतलं, पुन्हा ट्रॅक्टर लावला. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते, पोतं आदळलं तरी उगवण उतरते, हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसाला हे सगळं माहीत होतं, तो गटातच होता. त्यानं ते मामाजींना सांगितलं. तीनशे जणांना सांगायला एवढंच बोलणं पुरलं असतं.

काहून असं?

मी नंतर त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "बाई, लोकाच्या सुनेशी गटावर बोललेलं बरं नाही दिसत. अन् आपलं काही चुकलं तं पोट्टे हासतात." ऐकून राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा पाहून आला नाही. हा माणूस चाळीसेक वर्षं काळ्या मातीत राबलेला. त्यांनी पूर्वी एकदा गटावर लिहिलं होतं, तेव्हा औषधाचं नाव चुकीचं लिहिलं गेलं आणि दोन-चार शिकलेल्या पोरांनी तेच नाव दिवसभर चघळलं. त्या दिवसापासून ते फक्त वाचतात.

त्या पोरांनो, तुम्ही एका माणसाला हसला नाहीत. त्याच्याकडे होतं ते सगळं ज्ञान तुम्ही गटातून हाकलून दिलं. शुद्ध लिहिता येणाऱ्यांना तुरीतलं कळतं असं कुठं आहे?

आता बोलणारे बोलतील, "उत्तर दिलं आणि त्याचं नुकसान झालं तर आपल्या नावानं गावभर होईल." होतं असं, नाकारत नाही. मोबाईलमधल्या फोटोवरून रोग ओळखणं कठीण असतं, हेही कबूल. मग फर्मान काढू नका. "माझ्या वावरात असंच झालं होतं, मी हे केलं, त्याचं हे झालं" एवढं लिहा. यात कोणाची हमी घेतली तुम्ही? पण गप्प बसलात म्हणून पोरगं काही थांबत नाही. ते दुकानाच्या गल्ल्यावर जातं आणि तिथं जे हातात पडेल ते आणतं. सगळे दुकानदार वाईट नाहीत, काहीजण परत पाठवतातही. पण विकणाऱ्याला विचारून घ्यायची वेळ आपल्या माणसावर आपण आणतो. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. डोक्याएवढी पराटी, दोन-तीन औषधं एकत्र, तोंडाला साधं फडकं. ते वर्ष पाहिलेल्या माणसांनी तरी "काय फवारू?" हा प्रश्न वाचून पुढं सरकू नये.

"किसान कॉल सेंटर आहे ना, कृषी विज्ञान केंद्र आहे ना." आहे. १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात, मी स्वतः लावते आणि लावायला सांगते. पण नाल्याकाठच्या वावरात पाणी कुठं थांबतं, कोणत्या धुऱ्याकडून रोही (नीलगाई) येतात, हे फोनवरच्या माणसाला कुठून माहीत असणार? ते तुम्हाला माहीत आहे.

विचारणाऱ्यांनाही सांगायचं आहे, कारण सगळा दोष वाचणाऱ्यांचा नाही. "औषध सांगा" असा प्रश्न असतो होय? कशावर? पीक सांगा, वाण सांगा, पेरलं कधी, जमीन भारी की बरडी, पाऊस शेवटचा कधी पडला, आधी काय-काय मारलं. एक फोटो जवळून, एक लांबून अख्ख्या तासाचा. आणि उत्तर मिळालं की गायब होऊ नका. आठ-पंधरा दिवसांनी येऊन सांगा, फरक पडला की नाही पडला. नाही पडला तर तेही सांगा, तेच जास्त कामाचं आहे. मी त्या काकांना ६४ चा आकडा कळवला म्हणून ३३ किलोची गोष्ट निघाली.

ॲडमिनभाऊंना हात जोडून विनंती आहे. शुभेच्छांसाठी वेगळा गट काढा, लोक आनंदानं जातील. रोजचा एखादा प्रश्न वर पिन करून ठेवा, तशी सोय आहे, २४ तास, ७ दिवस, ३० दिवस. उत्तर आलं नाही तर नाव घेऊन विचारा, "भाऊ, तुमच्याकडं संत्रा आहे, फळगळ कशानं थांबली?" "वहिनी, तुमची ई-पीक पाहणी झाली, फोटो चढत नव्हता तेव्हा काय केलं?" नाव घेतल्यावर माणूस बोलतो. आणि कोणाच्या लिहिण्यावर हसणाऱ्याला एकदा समज द्या, दुसऱ्यांदा बाहेर काढा. यात भीड कसली?

बायांनो, तुम्ही तर विचाराच. खुरपण, निंदण, वेचणी आपल्या हातून होते, अळी पहिल्यांदा आपल्याला दिसते. पराटीची डोमकळी (बोंडअळीनं न उमललेलं फूल) घरी येऊन नवऱ्याला दाखवायची आणि मग त्यानं ती गटावर विचारायची, हे पुरे झालं. आणि पुरुषमंडळींनो, बाईनं विचारलं तर उत्तर बाईला द्या. सगळ्यांसमोर द्या. त्यात वाईट काही दिसत नाही. वाईट दिसतं ते तीनशे माणसांचं मौन.

त्या तुरीवाल्या पोराला आज किती जणांनी आपला प्रश्न वाचला ते दिसत असेल. नावानिशी दिसतं. तो पुन्हा विचारेल का, मला सांगता येत नाही. वय काय त्याचं, विशी-बाविशी. बाप गेल्यावर शेतीत आला आहे. शहरात निघून गेला असता तर आपणच म्हटलं असतं, आजकालच्या पोरांना शेती नको.

जाऊ द्या. सुरुवात मीच करते. या आठवड्यात आम्ही हरभरा पेरणार, सोयाबीन निघालेल्या तुकड्यात. जमीन मध्यम, ओल बरी आहे, एका पाण्याची सोय होईल. वाण जॅकी, बियाणं घरचं. मागच्या साली मर लागून मधे-मधे चट्टे पडले होते. ज्यांनी बियाण्याला ट्रायकोडर्मा लावून पेरलं, त्यांच्याकडं मर कमी दिसली का? लावल्यावर किती वेळ सावलीत सुकवलं? रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू) सोबत लावलं की नंतर? खाली लिहा, नाहीतर आवाज पाठवा. जसं येतं तसं लिहा.