डबा नवा, ऑइल चाळीस वर्षांपूर्वीचं

माझा धाकटा भाऊ दूध गोळा करतो. पहाटे साडेचारला गाडी काढायची, दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे, वस्त्यांवरून दूध घ्यायचं आणि सातच्या आत संकलन केंद्र गाठायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. दिवसाला साठ-पासष्ट किलोमीटर होतात. गाडी 2021 सालची, बीएस-6, फ्युएल इंजेक्शनवाली. तिचे हप्ते मागच्या दिवाळीला फिटले.

गेल्या महिन्यात चढाला गाडी ओढेना. हेडमधून टकटक आवाज यायला लागला, मागून निळसर धूर, आणि तिसऱ्या दिवशी कॅनसकट रस्त्यात बंद. दूध नासू नये म्हणून शेजाऱ्याचा टेम्पो बोलवावा लागला.

गॅरेजमध्ये अण्णांनी हेडचं झाकण खोललं तेव्हा मी तिथेच उभी होते. आत जे दिसलं ते ऑइल नव्हतंच. घट्ट, काळंकुट्ट, कडेकोपऱ्यांत साचून बसलेलं काहीतरी. अण्णांनी त्यातून बोट फिरवलं, अंगठ्याने चोळलं आणि माझ्यापुढे धरलं. "ताई, हे ऑइल आहे का मळी?" आमच्या भागात साखर कारखाने आहेत, मळी कशी दिसते हे मला वेगळं सांगायला नको. ऑइल जायच्या बारीक वाटा त्या मळीने बुजलेल्या. रिंगा चिकटलेल्या. कॅमशाफ्टवर नखाला लागतील असे ओरखडे. बोअर-पिस्टन, रिंगा, कॅमशाफ्ट आणि मजुरी मिळून साडेनऊ हजारांचं बिल झालं. शिवाय गाडी नऊ दिवस उभी, तेवढे दिवस टेम्पोचं भाडं वेगळं.

अण्णांचा पहिला प्रश्न अर्थातच, "ऑइल वेळेवर बदललं नाही का?"

बदललं होतं. भाऊ ह्या बाबतीत फार काटेकोर आहे. दुधाचे लिटर ज्या वहीत लिहितो त्याच वहीच्या मागच्या पानावर किलोमीटर आणि ऑइल बदलल्याची तारीख लिहितो. गाडीच्या पुस्तिकेत 6000 किलोमीटरला बदला असं आहे, तो त्याच्या आतच बदलतो. फरक एवढाच झाला होता की गेल्या चार वेळा त्याने ऑइल संकलन केंद्राजवळच्या एका दुकानातून घेतलं. कंपनीचं ऑइल 370 ला, हे 220 ला. दुकानदार म्हणाला, "हे जाड आहे, लोडच्या गाडीला हेच चांगलं, पकड राहते." भावाने विश्वास ठेवला. का ठेवू नये? डबा सीलबंद होता, चकचकीत होता, एमआरपी छापलेली होती. चार वेळचे मिळून सहाशे रुपये वाचले.

शेवटचा रिकामा डबा गोठ्यात सापडला. तो धुऊन, पुसून मी टेबलावर ठेवला आणि दिव्याखाली नीट वाचला. ही पोस्ट त्या डब्याबद्दल आहे.

पुढच्या बाजूला वळणावर झुकलेली रेसिंगची मोटारसायकल. त्यावर मोठ्या अक्षरांत कसलं तरी "सुपर पॉवर" नाव, आणि खाली 20डब्ल्यू-50, म्हणजे ऑइलचा जाडपणा. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत इंजिनाची स्वच्छता, दीर्घायुष्य वगैरे नेहमीची चार वाक्यं, आणि अगदी तळाला, पत्त्याच्या वर, दोन अक्षरं: एपीआय एसएफ. बुडाला पॅकिंगचा महिना, डबा घेतला त्याच्या जेमतेम चार महिने आधीचा. म्हणजे माल शिळा नव्हता आणि डबा नकलीही नव्हता. मी आधी नकलीच समजून चालले होते, कारण आपल्याकडे भंगारातून नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे घेऊन त्यात वाटेल ते भरून विकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे तसं काहीच नव्हतं. डब्यावर लिहिलेलं खरं मानलं तरी ते ऑइल ह्या गाडीत घालायचं नव्हतं.

ती दोन अक्षरं काय आहेत ते सांगते, कारण मला स्वतःला पस्तिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. इंजिन ऑइलचा दर्जा सांगायची त्यांची पद्धत जगभर चालते. पेट्रोल इंजिनासाठी पहिलं अक्षर एस, डिझेलसाठी सी. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नव्या इंजिनांसाठी. सुरुवात एसए पासून, मग एसबी, एससी असं वर चढत 2010 साली एसएन आलं आणि 2020 साली एसपी. एसए ते एसएच ही सगळी अक्षरं खुद्द ती संस्थाच कालबाह्य म्हणते. एसएफ 1980 च्या दशकातलं आहे. 1988 नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही असं त्या संस्थेचंच म्हणणं आहे. 1988 म्हणजे आपल्याकडे मारुती 800 आणि सीडी 100 रस्त्यावर येऊन काहीच वर्षं झाली होती तो काळ. माझा भाऊ जन्मला त्याच्याही पाच वर्षं आधीचा.

आता कोणी म्हणेल, ऑइल ते ऑइल, गुळगुळीतपणा असला की झालं. अण्णांनी मला हे ज्या रीतीने समजावलं तसंच सांगते. ऑइलचं निम्मं काम गुळगुळीत ठेवणं आणि निम्मं काम घाण पोटात घेणं. इंजिनात जळण झालं की काजळी होते, ओल धरते, आम्ल तयार होतं. चांगल्या ऑइलमधली द्रव्यं ती घाण बारीक करून ऑइलमध्येच तरंगती ठेवतात, कुठे साचू देत नाहीत, आणि ऑइल तापून घट्ट होऊ नये म्हणूनही त्यात द्रव्यं असतात. ऑइल बदललं की घाण त्याच्याबरोबर बाहेर. जुन्या ग्रेडमध्ये ही ताकद कमी. तिला 6000 किलोमीटर पेलत नाहीत. पुस्तिकेतला 6000 चा आकडा नव्या ऑइलच्या भरवशावर लिहिलेला आहे. भावाने आकडा पाळला आणि ऑइल चुकीचं पडलं, म्हणजे जितका नियमाने वागला तितकं नुकसान वाढलं. मला सगळ्यात जास्त हेच लागलंय.

जाडपणाचंही तसंच. ह्या गाडीला कंपनीने 10डब्ल्यू-30 सांगितलंय. डिसेंबरात पहाटे साडेचारला थंड इंजिन चालू केलं की पातळ ऑइल पटकन वर हेडपर्यंत पोचतं, जाड ऑइल सावकाश. तेवढा वेळ वरचे भाग कोरडे घासतात, आणि हे रोज होतं. पुन्हा मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए2 असं जपानी मानकही लागतं. माझ्या डब्यावर ते नव्हतंच. आणि बीएस-6 च्या सायलेन्सरात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. जुन्या ऑइलमधल्या जादा फॉस्फरसने तो हळूहळू निकामी होतो. त्याचा हिशोब अजून आमच्यापुढे आलेला नाही.

जुनं ऑइल म्हणजे विष, असंही माझं म्हणणं नाही. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनात वडील साधं मोनोग्रेड ऑइल घालायचे आणि ते इंजिन वीस वर्षं चाललं. त्या इंजिनाला तेच योग्य होतं. विकायचं तर विका की. पण कोणासाठी आहे ते समोर लिहा. चाळीस वर्षांपूर्वीच्या ग्रेडच्या डब्यावर आजच्या रेसिंग गाडीचं चित्र छापायचं आणि खरी ओळख दोन अक्षरांत मागे तळाला, इंग्रजीत, पत्त्याजवळ लपवायची, ह्याला मी फसवणूकच म्हणते. छापलेलं प्रत्येक अक्षर खरं असलं तरीही.

शोधता शोधता अमेरिकेतलं एक प्रकरण सापडलं आणि मी थक्क झाले, कारण मामला हुबेहूब हाच. डॉलर जनरल म्हणून तिथे स्वस्त वस्तूंच्या दुकानांची मोठी साखळी आहे, खेडोपाडी, कमी मिळकतीच्या वस्त्यांत पसरलेली. ते स्वतःच्या नावाने इंजिन ऑइल विकत होते. दोन प्रकार एसएफ दर्जाचे आणि एक तर थेट एसए, ज्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की 1930 नंतरच्या इंजिनांसाठी नाही. हे डबे चांगल्या ऑइलच्या शेजारीच मांडलेले. 2015 पासून एकेका राज्यात ग्राहक कोर्टात गेले, सगळे दावे मिसुरीतल्या कॅन्सस सिटीच्या फेडरल कोर्टात एकत्र झाले आणि 2021 मध्ये कंपनीने तडजोड करून भरपाई मान्य केली. त्याआधी 2019 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी जुनं ऑइल आणि मुदत संपलेली औषधं विकल्याबद्दल ह्याच साखळीकडून दहा लाख डॉलरहून जास्त वसूल केले. तिथे डब्यामागे इशारा छापलेला तरी होता. माझ्या डब्यावर 1988 चा उल्लेखसुद्धा नाही.

आणि तिथे आणखी एक गोष्ट आहे जिचा मला खरंच हेवा वाटला. पेट्रोलियम क्वालिटी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका नावाची संस्था सरळ दुकानांतून डबे विकत आणते, प्रयोगशाळेत तपासते आणि नावानिशी निकाल जाहीर करते. महाराष्ट्राला हे अवघड का असावं? ग्राहक चळवळ ह्याच मातीत उभी राहिली. बिंदूमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली 1974 साली, ग्राहक संरक्षण कायदा 1986 ला यायच्या बारा वर्षं आधी. ग्राहकाला कायदा हवा हे ज्यांनी आधी ओळखलं त्यांच्या राज्यात दहा दुकानांतले दहा डबे तपासायला कोणी पुढे येऊ नये?

कायदा नाही असं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचा दर्जा, शुद्धता, मानक जाणून घ्यायचा हक्क शब्दांत लिहिलेला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ह्या नंबरवर फोन लावता येतो, मीही लावला आणि तक्रार नोंदवली. पण ऑइलच्या बाबतीत ग्राहक कुठे अडकतो ते ऐका. इंजिन एका दिवसात जात नाही, वर्ष घेतं. तोवर ऑइल जळून किंवा भंगारवाल्याकडे गेलेलं असतं. आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण नमुना उरायला हवा ना! भावाकडे पक्की पावती एकही नाही, 220 रुपयांच्या डब्याची पावती कोण मागतं? समोरचा म्हणणार, तुम्ही गाडी ताणली, लोड जास्त घातला. इंजिन नेमकं ह्याच ऑइलने गेलं हे मी आज कागदावर सिद्ध करू शकत नाही, आणि हे मी प्रामाणिकपणे सांगते. म्हणूनच नुकसान झाल्यावर दाद मागायची वाट ह्या मालाला पुरत नाही. जे सांगायचं ते विकतानाच, डब्याच्या तोंडावर सांगितलं गेलं पाहिजे.

पॅकबंद मालाच्या नियमांनी डब्यावर काय काय सक्तीचं केलंय बघा: उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन-माप, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क. माझ्या डब्यावर हे सगळं होतं. माप बरोबर, किंमत बरोबर, आणि आतला माल माझ्या गाडीसाठी नाही. मला एवढंच हवंय की त्या यादीत एक ओळ वाढावी: समोरच्या बाजूला, मराठीत, एमआरपीइतक्याच ठळक अक्षरांत, "हे ऑइल 1988 नंतरच्या गाड्यांसाठी नाही". हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का 2021 मध्ये सक्तीचा झालाच ना. ज्या खिळ्यावर दुकानदार हेल्मेट टांगतो त्याच्या खालच्याच फळीवर हे डबे असतात.

परवा मी डबा पिशवीत घालून त्या दुकानात गेले. भांडायच्याच तयारीने गेले होते. दुकानदार काका साठीचे, चष्मा कपाळावर. मी डबा पुढे ठेवला, मागची दोन अक्षरं दाखवली, अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा खाली घेतला, डबा दिव्याकडे धरला, बराच वेळ बघितलं. मग आत जाऊन स्वतःच्या स्कूटरसाठी ठेवलेला डबा आणला आणि त्याच्या मागे बघितलं. तोही एसएफ.

"एजन्सीचा पोरगा येतो, बारा डब्यांवर एक फुकट देतो," ते म्हणाले. "अक्षरांचं कोणी कधी बोललंच नाही. आम्ही पण जाड-पातळ बघूनच विकतो."

मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. त्यांनी माझ्यासमोर पुढच्या फळीवरचे डबे काढून मागे नेऊन ठेवले. मी म्हटलं, परत पाठवा ना. त्यांनी एजन्सीला तिथूनच फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि ठेवला.

"परत घेत नाही म्हणतो, ताई. पैसे दिलेत मी ह्याचे. आता काय करू, तुम्हीच सांगा."

चौदा डबे आहेत. अजून तिथेच, मागच्या फळीवर.